जेवलात का, वाळंज?

मी शपथेवर खोटं बोललो आहे. एकदा बोललो, आणि ते खोटं उभं राहावं म्हणून पुढे आणखी दोनदा बोललो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आमच्या भरे गावच्या देवळात उभा राहून देवालाही धड सांगितलं नाही. तिथंसुद्धा मी नुसतं ‘चुकलं माकलं’ म्हणतो आणि घंटा वाजवून बाहेर येतो.

ज्यांच्यासमोर खोटं बोललो, ते सय्यद बाकर हुसेन यंदा वारले. म्हणून हे लिहायला बसलो. मी दिवाणी कोर्टाचा बेलिफ. दुसऱ्याचे कागद तिसऱ्याच्या हातात देणं हे माझं काम. माझी अजून दहा वर्षं नोकरी आहे. हे कुणी वाचलं तर त्या दहा वर्षांचं काय व्हायचं ते होईल.

बाकरसाहेब पुण्याच्या कोर्टात वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश म्हणून आले, तेव्हा माझ्याकडे मुळशीचा भाग होता. पिरंगुटच्या पुढची सगळी समन्सं माझ्या पिशवीत. साहेब अंगानं बारीक, दाढी कातरलेली, आवाज इतका हळू की वकिलांना पुढे वाकून ऐकावं लागे. मूळचे जुन्नरचे. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. शिपायालासुद्धा ‘अहो’.

त्यांची एक सवय सगळ्या कोर्टाला ठाऊक होती. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की शपथ द्यायच्या आधी ते विचारत, “जेवून आलात का?”

एकदा वेल्ह्याकडचा एक म्हातारा साक्षीला आला होता. पहाटे निघालेला. साहेबांनी विचारलं तसा तो म्हणाला, “न्हाई जी, सांच्याला घरी जाऊनच.” साहेबांनी फाईल मिटली. “अर्धा तास थांबू या. यांना कॅन्टीनला न्या.” समोरचे वकील चिडले. त्यांना दुसऱ्या कोर्टात जायचं होतं. ते हसत म्हणाले, “साहेब, पुराव्याच्या कायद्यात भाकरीचं कलम नाही.”

“नाही,” साहेब म्हणाले. “कायदा केला ते सगळे जेवून बसले असतील.”

तेव्हापासून बाररूममध्ये त्यांच्या कोर्टाला ‘भाकरी कोर्ट’ म्हणायला लागले. साहेबांना ते कळलं होतं, पण त्यांना राग आला नाही. स्वतःही ते साडेदहाला चेंबरमध्ये ज्वारीची भाकरी आणि दही खाऊनच बाहेर यायचे. भुकेल्यानं, रागावलेल्यानं आणि घाईत असलेल्यानं न्याय करू नये, हे त्यांच्या घरचं शिक्षण. वडील मौलाना होते. मुलानं मशिदीत उभं राहावं म्हणून त्यांनी त्याला चार वर्षं लखनौला मदरशात ठेवलं. मुलानं परत येऊन पुण्यात वकिलीला नाव घातलं. वडील वर्षभर बोलले नाहीत. जज्ज झाल्याची तार गेली तेव्हा एकच ओळ उलट आली: न्याय करणाऱ्याच्या पोटात भाकरी झोपत नाही. साहेब हे सांगून हसायचे. मलाही तेव्हा त्यात हसण्यासारखंच काही दिसलं होतं.

त्यांच्या टेबलाच्या खणात पानाच्या डबीसारखी एक डबी असे. तिच्यात रुपयाएवढी मातीची टिकली. दुपारी नमाजाला बसले की ती समोर ठेवून तिच्यावर कपाळ टेकायचे. आमचा शिपाई दगडू एक दिवस मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, “वाळंज, साहेबाला पोटाचा काय तरी आजार हाय. माती खात्यात.” मी आगाऊपणानं ते साहेबांना सांगितलं. त्यांनी दगडूला बोलावलं, टिकली त्याच्या हातावर ठेवली. म्हणाले, “खात नाही. आम्ही शिया लोक गालिच्यावर डोकं टेकत नाही, मातीवर टेकतो. शेवटी तीच आपल्याला खाणार आहे, तर ओळख ठेवलेली बरी.” दगडूनं टिकलीला नमस्कार केला आणि परत दिली.

आता ते लिहितो ज्यासाठी बसलो आहे.

अठ्ठ्याण्णव साली चैत्रात माले गावच्या कौसाबाई नावाच्या विधवेचं समन्स माझ्याकडे आलं. तिच्या दिरानं, बबननं, दावा लावला होता. मरायच्या आधी भावानं आपली जमीन आणि घर मला सोडून दिलं, हा त्याचा कागद, हा त्याचा अंगठा, असं त्याचं म्हणणं. मी माल्याला जायचं, तिच्या हातात समन्स आणि दाव्याची नक्कल द्यायची. ती भेटली नाही तर दारावर डकवायचं, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि तसा अहवाल लिहायचा.

त्या दिवशी आमच्या भऱ्याची जत्रा होती. घर पाहुण्यांनी भरलं होतं. सकाळी म्हटलं, दुपारून जाऊ. दुपारी पंगत बसली. रस्सा झणझणीत होता, ऊन पांढरं झालं होतं, आणि माले पौडच्याही पुढे. मी पिशवीतून अहवालाचा कागद काढला आणि लिहिलं: ‘समक्ष गेलो. घरास कुलूप. दारावर डकवले.’ शेजारी चुलतभाऊ जेवत होता. त्यानं हात धुऊन सही केली. पलीकडच्या पाहुण्यानं त्याच्याखाली केली. दारावर लावायची प्रत पिशवीतच राहिली.

बबनकडून मी काही घेतलं नव्हतं. तो मला ओळखतसुद्धा नव्हता. पुष्कळ वेळा वाटतं, लाच खाल्ली असती तर बरं झालं असतं. निदान मला मोहात पाडणारा कुणी तरी होता असं म्हणता आलं असतं. मी फक्त जत्रेचं मटण खाल्लं.

पुढच्या तारखेला कौसाबाई हजर नव्हती. होणार कशी? दुसऱ्या कोर्टांत असा अहवाल वाचून प्रकरण पुढे सरकतं. बाकरसाहेब मात्र एकतर्फी निकाल द्यायच्या आधी बेलिफाला पिंजऱ्यात बोलवायचे. मला बोलावलं.

“जेवलात का, वाळंज?”

“होय साहेब.”

मग शपथ. मग, “तुम्ही स्वतः गेला होता?”

“होय साहेब.”

“घर तेच होतं याची खात्री करून घेतली?”

“होय साहेब. शेजारी विचारलं.”

शेजारी विचारल्याचं तर अहवालातही नव्हतं. ते तिथं उभ्या उभ्या सुचलं.

साहेबांनी बबनलाही विचारलं, “तुमचे भाऊ अंगठा का करायचे?” तो म्हणाला, अडाणी होता. नाही म्हणायला समोर कुणी नव्हतं. निकाल झाला. त्यात एक वाक्य होतं: ‘बेलिफास शपथेवर तपासले. तो विश्वासार्ह वाटतो.’ माझ्या सगळ्या नोकरीत माझ्याबद्दल कुणी लेखी चांगलं लिहिलं असेल तर तेवढंच. मी ती फाईल नकला विभागात जाऊन पुन्हा एकदा वाचली होती. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर वाचताना बरं वाटलं होतं.

पुढे साहेब जिल्हा न्यायाधीश झाले आणि त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले. भुकूमला नव्या बंगल्यांच्या ओळीत शेवटचं घर घेतलं. निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात डोक्याला काळा अमामा बांधला. आम्ही कोर्टातले चारजण भेटायला गेलो तर ओळखूच आले नाहीत. दगडू म्हणाला, “साहेब, तुमी तर पार बाबा झालात.” ते म्हणाले, “वडिलांची थकबाकी होती हो. काळा कोट उतरवला, काळी पगडी चढवली. धोब्याला काही फरक नाही.”

पिरंगुटच्या कारखान्यांत काम करणारी, रस्त्यावर दुकानं असलेली सात-आठ शिया घरं होती. दर गुरुवारी संध्याकाळी ती त्यांच्या हॉलमध्ये जमत. साहेब पुढे उभे राहून नमाज पढवत, मग करबल्याची हकिगत सांगत. इमामाला पाणी तोडलं तिथं आले की त्यांचा तो हळू आवाज फुटायचा. मी एकदा दारात उभा राहून ऐकलं. कोर्टात फाशीच्या फाईलीवर न हललेला माणूस लहान मुलासारखा रडत होता.

आणि रविवारी व्हरांडा. बांध सरकला, नांदायला नेत नाहीत, सातबाऱ्यावरून नाव गेलं, असली माणसं त्यांच्याकडे यायला लागली. ‘भुकूमचे मौलवीजज्ज’ असं नाव पडलं. ते निकाल देत नसत. कुठं जायचं, काय लिहायचं तेवढं सांगत. अर्ज लिहायला मी जायचो. माझं अक्षर बरं आहे. त्यांच्या पत्नी, बेगमसाहेबा, आल्यागेल्याला आधी भाकरी देत. कारण प्रश्न तोच, जेवलात का?

दोन हजार चारच्या एका रविवारी पन्नाशीची एक बाई प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. साहेबांनी नाव विचारलं. ती म्हणाली, कौसाबाई, माल्याची.

माझा पेन थांबला. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“जेवलात का, बाई?”

“जेवायचं काय घिऊन बसलाय सायेब? दिरानं जमीन इकली. घेनाऱ्यानं घराला तार मारलीया. चूल आत हाय आन् मी भाईर.”

तरी साहेबांनी भाकरी मागवली. तिनं ती रागानं खाल्ली, पाणी प्यायली आणि पिशवीतून निकालाची नक्कल काढून दिली. “खरेदीदाराच्या माणसानं दावली तवा कळलं. सा वर्सं झाली म्हनं. मला कोर्टात बोलीवल्यालंच न्हाई. कंच्या जज्जानं केलं त्ये तरी बगा.”

साहेबांनी चष्मा लावला. कागद उलटत शेवटच्या पानावर गेले. मग चष्मा काढला.

“बाई, हा निकाल माझा आहे.”

ती म्हणाली, “मंग तुमीच सांगा. का न्हाई बोलीवलं?”

साहेब माझ्याकडे वळले. “वाळंज, हे समन्स तुम्ही बजावलं होतं.”

तिथं शपथ नव्हती, पिंजरा नव्हता. बेगमसाहेबांच्या हातची भाकरी माझ्याही पोटात होती. मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं.

“होय साहेब,” मी म्हणालो. “दाराला कुलूप होतं. डकवलं.”

“कुलूप?” कौसाबाई उठून उभी राहिली. “आरं बाबा, माझ्या दाराला कडी सुदिक न्हवती! सुतळीनं बांदत हुते मी. कुनाच्या घरी गेलतास तू?”

“सहा वर्षं झाली, साहेब. घरं एकसारखीच असतात. आता कसं आठवणार?”

“आन् ह्यो अंगठा,” ती साहेबांना म्हणाली, “कुनाचा ह्यो? माझा मालक चौथी शिकल्याला. सोसायटीच्या बुकात त्येची सई हाय. अंगठा कशापायी करंल त्यो?”

साहेबांनी डोळे मिटले. हे एक वाक्य अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या कोर्टात कुणी बोललं असतं तर दावा तिथंच पडला असता. त्यांना ते कळलं, मलाही कळलं.

मग त्यांनी नेहमीच्याच आवाजात तिला समजावलं. समन्स मिळालं नाही हे सिद्ध झालं तर एकतर्फी निकाल रद्द होतो. कळल्यापासून महिन्याच्या आत अर्ज करावा लागतो. वकील मी देतो, म्हणाले. तो अर्ज मीच लिहिला. माझ्याच अक्षरात लिहिलं: ‘बेलिफ अर्जदाराच्या घरी कधीही आला नाही.’

पुढच्या रविवारी ती वकीलपत्रावर अंगठा करायला आली तेव्हा साहेबांचा नमाज चालला होता. ती उंबऱ्यापाशी उभी राहून बघत राहिली. आठवड्यानं परत आली ती पदरात मातीचं ढेकूळ बांधून. साहेबांपुढे ठेवलं.

“सायेब, तुमी मातीवं डोकं टेकता नव्हं? ही माझ्या रानातली हाय. तारंच्या खालनं हात घालून काडली. हिच्यावं टेका आन् मंग सांगा, कुनाची हाय ती.”

व्हरांड्यात दहा माणसं होती. साहेबांनी ते ढेकूळ दोन्ही हातांनी उचललं आणि आत नेलं.

अर्जाची सुनावणी पुढच्या वर्षी निघाली. साहेब आले आणि शेवटच्या बाकावर बसले. वकील उठून उभे राहिले, पुढे खुर्ची दिली. “नको, मी पक्षकाराबरोबर आलो आहे,” म्हणाले. पिंजऱ्यात मी. खुर्चीवर नव्या तरुण मॅडम. त्यांनी मला जेवलास का विचारलं नाही. कुणीतरी विचारावं असं मला फार वाटलं. नाही म्हणालो असतो तर अर्धा तास मिळाला असता, आणि त्या अर्ध्या तासात कदाचित माझ्या तोंडून खरं आलं असतं. पण त्यांनी शपथ दिली आणि मी शब्दाला शब्द तेच सांगितलं. फक्त कुलूप या वेळी म्हणालो नाही. ‘दार बंद होतं’ म्हणालो. चुलतभावानं माझ्यामागून तेच सांगितलं. दुसरा पंच वारला होता. कौसाबाईकडे तिच्या शब्दाशिवाय काही नव्हतं. अर्ज नामंजूर झाला.

बाहेर पायऱ्यांवर साहेब थांबले होते. मला वाटलं, आता विचारतील. ते म्हणाले, “वाळंज, ती बाई आणि तुम्ही, दोघांपैकी एक खोटं बोलतंय. तीस वर्षं मी हेच ठरवत आलो. आज मला ठरवता येत नाही.”

मी पिशवी खांद्याला लावून आत वळलो. ते पायऱ्या उतरले.

त्या आठवड्यात रविवारचा व्हरांडा बंद झाला. गुरुवारी माणसं जमली तेव्हा साहेबांनी अमामा घडी करून कपाटात ठेवला होता. पिरंगुटला बॅटरीचं दुकान असलेल्या अब्बासभाईला त्यांनी पुढे उभं केलं आणि स्वतः शेवटच्या रांगेत गेले. अब्बासभाई रडवेला झाला. हे मला त्यानंच नंतर सांगितलं. “मी म्हटलं, मौलाना, तुमच्यापुढे मी कसा उभा राहू? तर म्हणाले, आपल्यात नमाज पढवणारा आदिल लागतो. न्यायानं वागणारा. तुम्ही मला तसं मानता, पण माझी मला खात्री राहिली नाही. माझ्या मागे उभं राहून तुमचा नमाज वाया जायला नको.”

अब्बासभाईनं मला विचारलं, “असं काय केलं हो त्यांनी?”

“काही नाही,” मी म्हणालो. एवढं मात्र खरं बोललो.

पुढची पाच वर्षं ते मागेच उभे राहिले. हकिगत सांगणंही सोडलं. मी जायचो, मधूनमधून. पेपर वाचून दाखवायचो. त्यांनी विषय काढला नाही. नमाजाला मात्र ती जुनी टिकली नसायची. माल्याचं ढेकूळ असायचं. पुढे गुडघे गेले तेव्हा खुर्चीवर बसून पढायचे. समोर स्टुलावर ढेकूळ. रोज पाच वेळा कपाळ टेकून त्याचा एक बाजूचा उंचवटा झिजून गुळगुळीत झाला होता.

यंदाच्या उन्हाळ्यात बेगमसाहेबांचा निरोप आला, आठवण काढतात. मी दुपारी गेलो. साहेब पलंगावर उशीला टेकून बसले होते. हाताची हाडं दिसत होती. बोटांत माळ. मला बघून बेगमसाहेबांना म्हणाले, “जरा दार ओढून घ्या.” मग माझ्याकडे नीट बघितलं.

“जेवलात का, वाळंज?”

बारा वर्षांत त्यांनी हे मला शेकडो वेळा विचारलं असेल. पण या वेळच्या विचारण्यात पिंजरा होता. यानंतर काय येणार ते मला कळलं. मी जेवून निघालो होतो. बायकोनं पावट्याची आमटी केली होती, तिचा वास अजून हाताला होता.

“नाही साहेब,” मी म्हणालो.

उपाशी माणसाची साक्ष ते घेत नसत, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मग म्हणाले, “मग आधी जेवा.”

बेगमसाहेबांनी स्वयंपाकघरात खिचडी वाढली. मी ती सावकाश खाल्ली, शीत न् शीत. ताट धुऊन ठेवलं. परत दाराशी आलो तर साहेबांनी डोळे मिटले होते. झोपले असं मला म्हणता आलं असतं, म्हणायचीही इच्छा होती. पण माळेचे मणी एकेक करून पुढे सरकत होते. ते जागे होते. माझी वाट बघत होते.

मी चपला घातल्या आणि निघून आलो. ते मला दिसले ते शेवटचे.

बाराव्या दिवशी ते गेले. मातीला मी लांब उभा होतो. महिन्यानं बेगमसाहेबांनी बोलावून एक फडक्यात बांधलेलं गाठोडं माझ्या हातात दिलं. ते ढेकूळ होतं. “कौसाबाईला पोचवायचं आहे,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, अब्बासच्या हाती देते. तर नको म्हणाले. हे वाळंजच बजावतील, म्हणाले.”

‘पोचवतील’ नव्हे, ‘बजावतील’. पूर्वी चेंबरमध्ये समन्सावर सही करून माझ्याकडे सरकवताना जसं म्हणायचे, तसं.

ते गाठोडं माझ्या घरी लोखंडी पेटीत आहे. त्याच्याखाली अठ्ठ्याण्णव सालचं समन्स आहे, दारावर लावायची प्रत, दाव्याच्या नकलेसकट. कौसाबाई जिवंत आहे. भुकूमच्या सोसायट्यांत भांडी घासते. सकाळी कोर्टात जाताना कधीकधी रस्त्याच्या कडेनं चाललेली दिसते, आणि मी गाडीचा वेग वाढवतो.

ते समन्स आणि ते ढेकूळ तिच्या हातात द्यायचं, मी त्या दिवशी तुझ्या दारात आलो नव्हतो हे तिला तोंडावर सांगायचं, आणि तेच कोर्टात शपथेवर लिहून द्यायचं, एवढं माझ्याकडून बाकी आहे.